बाबांचा माळढोक आणि सड्यावरची टिटवी

माझे बाबा नोकरीची पहिली सहा वर्षं सोलापूर जिल्ह्यात मास्तर होते. आम्ही गुहागरचे, घर म्हटलं की नारळी-पोफळी आणि पाठीमागे समुद्राची गाज, त्यामुळे तिकडचा तो उघडा माळ त्यांना पहिलं वर्षभर सोसलाच नाही असं ते सांगतात. मग एका रविवारी शाळेतला एक सहकारी त्यांना सायकलवर डबलसीट नान्नजला घेऊन गेला आणि तिथल्या गवतात त्यांनी माळढोक बघितला. कंबरेला लागेल एवढा उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चालणं असं की गावचा खोत शेतावर फेरी मारायला निघालाय. ही गोष्ट मी लहानपणापासून किमान पन्नास वेळा ऐकलीये आणि दरवेळी बाबा उठून उभे राहून तो कसा चालत होता ते करून दाखवतात.

नान्नजचं अभयारण्य झालं 1979 साली, बाबा तिकडे असतानाच. आता तिथे माळढोक दिसणं जवळपास संपल्यातच जमा आहे. गेल्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी काढल्यावर दोन दिवसांनी अंगणात बसून माडावरचा कावळा बघत होते आणि एकदम म्हणाले, "आता एकदा परत माळढोक बघायचाय गो." झालं, मी त्याच रात्री नवऱ्याशी बोलले आणि नाताळच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं पक्कं केलं, तिकडे माळढोक अजून आहेत म्हणून. माझं सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे असले बेत पटकन ठरतात. आई काही आली नाही, गोठ्यात दोन गुरं आहेत आणि ती ती कुणाच्या भरवशावर सोडत नाही, पण खोबऱ्याच्या वड्या आणि मेतकुटाचा डबा दिलान. मग आम्ही पाच जण, मी, नवरा, आठवीतली लेक, पाचवीतला धाकटा आणि बाबा, ट्रेनने जोधपूर आणि तिथून पुढे गाडी.

वाटेत फलोदीजवळ खीचनला मुद्दाम थांबलो, आणि खरं सांगते, फक्त खीचनसाठी एवढा प्रवास केला असता तरी चाललं असतं. कांड्या करकोचे, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात, मंगोलिया-कझाकस्तानकडून हिमालय ओलांडून येतात आणि थंडीभर इथे राहतात. सकाळी गावातल्या चुग्गाघरात, म्हणजे कुंपण घातलेल्या मोकळ्या आवारात, त्यांच्यासाठी धान्य पसरून ठेवलेलं असतं आणि हे हजारांनी येतात. आधी आवाज येतो, कुर्र कुर्र, कुठूनतरी लांबून, मग आकाशात बारीक रेघा दिसायला लागतात, आणि मग रेघांचे पक्षी होतात. आम्ही एका घराच्या गच्चीवर उभे होतो, थंडीने बोटं आखडलेली, आणि धाकटा जो एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही तो अर्धा तास कठड्याला हनुवटी टेकून उभा. हे दाणे घालणं 1970 च्या दशकात रतनलाल मालू नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या बायकोने सुरू केलं, आधी थोडेच पक्षी यायचे, मग गावानेच ते काम आपलं मानलं. 2025 च्या जूनमध्ये खीचनला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली. बाबा एवढंच म्हणाले, "पाहुण्याला जेवायला घालणारं गाव." गच्चीवाल्या आजींनी आम्हाला बाजरीची भाकरी आणि लोणी दिलं, बाबांनी त्यांना खोबऱ्याची वडी दिली, भाषा कुणालाच कुणाची धड येत नव्हती पण काही अडलं नाही.

मग जैसलमेर. तिथलं डेझर्ट नॅशनल पार्क 3162 चौरस किलोमीटरचं आहे, आणि मला वाटलं होतं सगळीकडे सिनेमातल्यासारख्या वाळूच्या टेकड्याच असतील. तसं नाहीये. टेकड्या थोड्याच भागात, बाकी खडकाळ सपाटी, सेवण गवताचे झुपके, केर, खेजडी म्हणजे आपली शमी, आणि रुईची झुडपं, ती बघून मला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. टेकड्यांवर संध्याकाळी जीप आणि मोठमोठ्याने गाणी चालू होती, तिथे आम्ही दहा मिनिटंही थांबलो नाही.

आमचा गाईड जवळच्याच गावातला, घरची शेळ्या-मेंढ्यांची राखण करत मोठा झालेला. त्याने पहिल्या सकाळी आम्हाला कुठला पक्षी नाही दाखवला, खाली बघायला लावलं. हे खोकडाचे पाय, हे चिंकाऱ्याचे खूर, ही शेपूट ओढत गेलेली रेघ. एका ठिकाणी जमिनीत नुसता एक मातीचा बुच मारल्यासारखा गोल होता. म्हणाला, आत सांडा झोपलाय. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, गवत-पाला खाऊन जगणारा. थंडीत तो बिळाचं तोंड आतून मातीने बंद करतो आणि ऊन तापेपर्यंत बाहेर येत नाही. त्याचं तेल सांधेदुखीवर चालतं म्हणून लोक याला मारतात, त्यात काडीचं तथ्य नाही, असं सांगताना त्या माणसाचा आवाज चढला. धाकट्याने त्या बुचाजवळ तोंड नेऊन हळूच "झोप, झोप" म्हटलं.

नऊच्या सुमारास एका पाणवठ्याशी पखुर्ड्या आल्या. कबुतराएवढा पक्षी, रंग सगळा वाळूचा, बसल्यावर डोळ्यासमोर असून दिसत नाही. त्या येतात, घाईघाईने पाणी पितात आणि उडून जातात. गाईड म्हणाला पिल्लं असतात तेव्हा नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो, ती पिसं स्पंजसारखं पाणी धरतात, आणि तो तसाच कितीतरी किलोमीटर उडत पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून ते पाणी चोखतात. बाबांनी हे त्याच्याकडून दोनदा सांगून घेतलं. घरटं बिरटं काही नाही, उघड्या जमिनीवर खोलगट जागा, झालं. माळढोकाचंही तेच, मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर, आणि नर उबवायला येत नाही, ती एकटी बसते. कुत्रा आला, घोरपड आली की वर्ष गेलं.

माळढोक दिसला तिसऱ्या दिवशी, सुदासरीच्या बाजूला, आणि दिसला लेकीला. मी तिकडेच बघत होते पण मला गवतच दिसत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, ते गवत चालतंय." खूप लांब दोन पक्षी. बायनॉक्युलर आधी बाबांच्या हातात दिली. त्यांचे हात थरथरत होते म्हणून नवऱ्याने मागून कोपर धरलंन. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत, मला वाटलं सापडला नाही बहुतेक, आणि मग म्हणाले, "तोच गो. तस्साच चालतो अजून." गाईड त्यांच्याकडे बघत होता, पक्ष्याकडे नाही. आम्ही जवळ गेलो नाही, जायचंही नसतं. दहा-बारा मिनिटं ते टिपत टिपत चालत राहिले, मग एका उंचवट्यामागे गेले.

परत येताना विजेच्या तारा दिसत होत्या, लांबपर्यंत, आणि पवनचक्क्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही, अंगाने जड, नर 15 किलोपर्यंत भरतो, तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखालून घ्या असं सांगितलं होतं, 2024 मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. मला सौरऊर्जा, पवनऊर्जा नको आहे असं नाही, आमच्याकडेही दिवसात चारदा लाईट जाते तेव्हा मीच बोंबलते, पण रानात दीडशेच्या आसपासच पक्षी उरले असताना निदान त्यांच्या वाटेवरच्या तारा तरी खाली घ्यायला एवढी वर्षं का लागावीत हे मला कळत नाही. जैसलमेरजवळच्या समच्या माळढोक केंद्रात 2019 पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, ते वाचून बाबांनी पेपरचं कात्रण कापून ठेवलंय. मला राग येतो तो "पडीक जमीन" या शब्दाचा. गवताळ माळ, वाळवंट, आमचा सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार, सगळं सरकारदरबारी पडीक. कोण पडलंय तिथे?

घरी आल्यावर मुलांना सवयच लागली, खाली बघत चालायची. एवढी वर्षं आमच्या दारात वाळू आहे आणि आम्ही ती पायाखाली तुडवत फक्त समुद्राकडे बघत होतो. आता सकाळी किनाऱ्यावर गेलं की हे चिखल्या पक्ष्याचे पाय, हे कुर्लीचे वाळूचे गोळे, असं चालू. फेब्रुवारीत एकदा पहाटे कासविणीचा माग मिळाला, ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा, पाण्यातून वर आणि वरून परत पाण्यात. तिची शंभरेक अंडी कासवमित्रांनी हॅचरीत नेली. आदल्याच वर्षी, 2025 च्या जानेवारीत, इथेच गुहागरला एक मादी अंडी घालताना सापडली होती जिला 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेला होता. त्या पहाटेच्या मागावरून एका गाडीच्या टायरचे पट्टे आडवे गेलेले होते. लोक गाडी थेट वाळूत घालतात, रील काढतात, आणि खाली काय आहे याचा कुणाला पत्ता नसतो. लेक त्या दिवशी शाळेत जाईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

आणि आता ही टिटवी. घरामागे सड्यावर पोरं सुट्टीत क्रिकेट खेळतात, मागच्या आठवड्यात धाकटा बॉल आणायला धावला आणि मधेच थिजल्यासारखा उभा राहिला. कातळावरच्या खड्यांमध्ये चार अंडी, मातकट रंग, काळे डाग, दोन पावलांवरूनही दगडच वाटावेत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या टिटवी अशी ओरडली की अशुभ, तर बाबा जरा कडक आवाजात म्हणाले, "ती आपल्या पोरांसाठी ओरडत्येय, तिला कशाला दोष?" पोरांनी स्टंपा उपटल्या आणि पीच वीस पावलं पलीकडे नेली, त्या बाजूला बॉल गेला तर आऊट असा नियमही करून टाकला.

काल दुपारी ऊन असं की कातळावर पाय ठेववत नव्हता. बाबा आणि धाकटा आंब्याखाली बसून बायनॉक्युलरने बघत होते. टिटवी अंड्यांवरून उठली, खाली विहिरीजवळच्या गुरांच्या डोणीकडे गेली, डोणीतून सांडलेल्या पाण्यात बसली, उठली, परत बसली, आणि तुरुतुरु चालत पुन्हा वर आली.

"आजोबा, पोट ओलं आहे तिचं!"

बाबांनी बायनॉक्युलर घेतली. ती अंड्यांवर बसली, जरा अंग हलवून नीट बसली. मग बाबा उठले, कळशी घेतली आणि डोण काठोकाठ भरून आले.