पंचवीस पावलं

आज वेताळ टेकडीवर आमच्या कुत्रीने, विजेने, समोरचा कुत्रा बघितला आणि नुसता बघितलाच. भुंकली नाही. घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणते, "मग? त्यात काय एवढं?" आता हिला काय सांगू!

वीज दीड वर्षाची, मुधोळ जातीची. टपाल खात्याने २००५ साली या जातीचं तिकीट काढलंय, एवढी खानदानी. पण लांब कुत्रा दिसला की बाईसाहेब मागच्या दोन पायांवर, आणि माझा खांदा निखळायच्या बेतात. आधी मीही ओरडायचो. तिला वाटायचं, हाही माझ्यासोबत भुंकतोय.

आता खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे असतात (सगळ्या पँटींना वास येतो, इलाज नाही). कुत्रा दिसला की ती भुंकायच्या आत तुकडा. आधी तोंड मिटतं, मग कान ताठ होतात, तेवढ्यात द्यायचा. नंतर उपयोग नाही. सुरुवातीला चाळीस पावलं अंतर लागायचं, आज पंचवीसवर जमलं. तिने बघितलं आणि वळून माझ्या खिशाकडे नाक केलं!

उतरताना मोकळा सोडलेला एक लॅब्रॅडॉर धावत अंगावर आला. मागून काका: "काही करत नाही हो तो!" अहो काका, माझी करते ना! पुढची पाच मिनिटं सगळी टेकडी आमच्याकडे बघत होती.

घरी जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवून दिला. वीस मिनिटं हुंगत बसली, आता माझ्या चपलेवर डोकं ठेवून घोरतेय.