काकांना फक्त फॉरमॅट हवा होता

ठाण्यात नौपाड्याला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न जवळ आलं की पत्रिका छापणाऱ्यांची मशिनं येऊ लागतात आणि प्रत्येकाला आपलं मशिन आजच्या आज हवं असतं. त्या दिवशी चरईतले एक प्रेसवाले काका सीपीयू घेऊन रिक्षातून उतरले.

"चालू व्हायलाच अर्धा तास लागतो रे. फॉरमॅट मारून दे. संध्याकाळी दोन पत्रिका छपाईला जायच्यात. आणि डेटाचं टेन्शन नको, सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे."

फॉरमॅट, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणं, ही इकडे तापाची गोळी. काहीही दुखलं की द्या एक. मी आधी डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम लावून डिस्क पाहिली. पिवळी खूण. 'पेंडिंग सेक्टर' शून्य असायला हवेत, तिथे बराच मोठा आकडा. म्हणजे डिस्कला स्वतःच्याच काही जागा वाचता येत नव्हत्या, विंडोज त्याच जागांवर अडून बसत होतं. अशा डिस्कवर नवीन विंडोज टाकणं म्हणजे होता नव्हता तो डेटाही पणाला लावणं. आणि सी काय, डी काय, दोन्ही त्याच एका डिस्कचे भाग. हे काकांना पटेना. "मग इतकी वर्षं मला डीमध्ये ठेवा म्हणून का सांगत होते?" प्रश्न रास्त होता. फॉरमॅट सीचा होतो म्हणून सांगत होते. डिस्कच गेली तर काय, हे कोणी सांगत नाही.

डिस्क धडधाकट असेल, एसएफसी आणि डिझम ही विंडोजचीच दुरुस्तीची हत्यारं चालवूनही विंडोज सुधारत नसेल, किंवा व्हायरस खोलवर गेला असेल, तर मीही फाइल्स बाहेर काढून सरळ फॉरमॅट मारतो. उगाच दिवस घालवत नाही. इथे विंडोजचा काही दोषच नव्हता.

काकांची घाई खरी होती, म्हणून त्या दोन फाइल्स आधी काढल्या. आमच्याकडे अशाच गिऱ्हाइकांसाठी पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, ठेवलेलं आहे. फाइल उघडली तर फॉन्ट सापडत नसल्याची पाटी आली आणि 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलर. काका खुर्चीतून उठलेच. "गेली का रे फाइल?"

फाइल शाबूत होती. हे जुने मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे त्यांत मराठी अक्षरांना स्वतःचे कोड नसतात. फाइलमध्ये साठतात ते इंग्रजी अक्षरांचेच कोड, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. आणि फॉन्ट असतात सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. म्हणजे फॉरमॅट मारला असता तर डी ड्राइव्ह जसाच्या तसा राहिला असता आणि वर्षानुवर्षांच्या पत्रिकांतलं एक अक्षर वाचता आलं नसतं. हे फॉन्ट ज्या श्रीलिपी सॉफ्टवेअरचे, त्याचं डोंगल, म्हणजे परवान्याची पेनड्राइव्हसारखी किल्ली, सीपीयूच्या मागे होतं. फॉन्ट पुन्हा टाकायची सीडी कुठे आहे, ते काकांना आठवेना. फॉन्ट उचलले, आमच्या मशिनवर टाकले, वधूवरांची नावं जागेवर आली. पीडीएफ घेऊन काका पळाले.

मग जुनी डिस्क नव्या एसएसडीवर, म्हणजे चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर, उतरवायला रात्रभर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम लावून ठेवला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो, म्हणून मरायला टेकलेल्या डिस्कसाठी मला तोच बरा वाटतो. एसएसडी ५०० जीबीचीच घ्यायला लावली. ४८० थोडी स्वस्त पडली असती, पण मूळ डिस्क ५०० ची, तिची हुबेहूब नक्कल ४८० मध्ये मावली नसती. सकाळी थोडेसे तुकडे तेवढे वाचायचे राहिले होते. विंडोजची चेकडिस्क ही तपासणी चालवून पाहिलं, पत्रिकांच्या फाइल्सना धक्का नव्हता.

विंडोज तेच जुनं १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि काकांचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. नेटवरून काही आत शिरू नये म्हणून मी नेटची वायर काढून ठेवायला सांगितलं. प्रूफ पाठवायला फोन आहेच. पेजमेकर आणि प्रिंटरला नेट लागत नाही. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यायला मात्र काका बराच वेळ राजी होईनात. शेवटी घेतली आणि विचारलं, "कायम लावूनच ठेवू ना?"

"नाही काका. शनिवारी लावायची, फॉन्टसकट कॉपी करायची आणि काढून घरी न्यायची."