पावसाळ्यात गोव्याला विणायला जाऊ नये

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका बाईने क्रोशाचा टॉप सहाशेवरून अडीचशेवर आणला आणि मैत्रिणीला म्हणाली, "मशीनचंच असतं गं सगळं, ह्यांना काय पडतं!" बोलण्यावरून आमच्याच सांगली-कोल्हापूरकडची वाटली. मी शेजारी आमसुलांचा भाव विचारत होते. मला राहवलं नाही, पण बोलण्याआधीच त्या दोघी काजूकडे वळल्या होत्या. म्हणून इथे लिहिते.

क्रोशा मशीनवर होत नाही. सुयांवरचं विणकाम होतं. तिथे सगळे टाके एका ओळीत सुईवर बसलेले असतात, त्यामुळे शेकडो सुयांचं यंत्र बनवता आलं. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो आणि आकडा, म्हणजे क्रोशाची वाकड्या टोकाची सुई, पुढे कुठे घुसवायचा ते हाताने ठरवायचं असतं. यंत्रं त्याची नक्कल करतात, लांबून ती फसवतेही, पण जवळून बघितलं की साखळी साखळीसारखी दिसत नाही. त्या बाईने परत ठेवलेल्या दुसऱ्या रंगाचा टॉप मी उलटा करून बघितला. साखळ्या, खांब म्हणजे उंच टाके, गळ्याला मुक्या म्हणजे बुटक्या खांबांची ओळ, आणि मागच्या बाजूला धाग्याची टोकं गाठ मारून तशीच सोडलेली. शिंपल्याच्या आकाराच्या एका नक्षीत सहाच्या जागी सात खांब होते. विणता विणता कुणाला तरी हाक मारली असेल, दूध उतू गेलं असेल, आणि मोजणी चुकली असेल. यंत्र असं चुकत नाही.

असा टॉप विणायला मला दोन दिवस तरी लागतात, आणि माझा हात काही संथ नाही. अडीचशेत सूत, दुकानदार, मधला व्यापारी सगळे बसवायचे. मग विणणारीला काय उरलं, ते कागद-पेन्सिल न घेताही कळतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, माल बाहेरून येतो. कुठून ते त्याने सांगितलं नाही. आंध्रात नरसापूरच्या आसपास मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि तिथल्या बायका अजून घरी बसून, नगावर पैसे घेऊन ती विणतात, एवढं मला ठाऊक आहे. गोव्यालाही क्रोशा नवा नाही. ख्रिस्ती घरांमधून, कॉन्व्हेंटांमधून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, चर्चच्या वेदीवरच्या कापडांना त्याच्याच किनारी असतात. पण ती किनार बाजारात टांगलेली दिसत नाही.

मी गोव्यात आले होते ते स्थानिक सूत शोधायला. हे सांगितल्यावर लोक हसतात आणि त्यांचं बरोबर आहे. गोव्यात कापूस पिकत नाही. इथले धनगर-गवळी म्हशी-शेळ्या पाळतात, मेंढ्या नव्हे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ज्या लाल चौकड्यांच्या कुणबी साडीला पुन्हा मागावर आणलं, तिचंही सूत गोव्याच्या शेतात उगवलेलं नव्हे. तरी पणजीतल्या जुन्या वस्तीत काचेच्या दारांच्या एका दुकानात 'लोकल यार्न' अशी चिठ्ठी लावलेली टोपी होती. लोकल म्हणजे कुठलं, असं विचारलं. पोरीने आत फोन केला, मग म्हणाली, "लोकल म्हणजे इंडियन, मॅडम." हात लावला तर ॲक्रिलिक. जुलै महिन्यात, गोव्यात, ॲक्रिलिकची टोपी!

असं काही होणार म्हणून मी शहाणपणा करून येताना घाटावरून दोन लड्या आणल्या होत्या. एक दख्खनी मेंढीची काळी लोकर, हाताने कातलेली, जिची घोंगडी होतात ती. दुसरं धारवाडकडचं खादीचं सूत. हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार होतात तो हा मुलूख. गोव्याच्या शेजारचं म्हणजे स्थानिकच, अशी माझी सोय.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत बस चोर्ला घाट उतरली आणि धुक्यात काही दिसलं नाही, एवढंच घाटाचं वर्णन.

खाली उतरल्यावर मात्र लोकरीने रंग दाखवला. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे मी वाचलेलं होतं. नाकाला लागते, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. फोंड्याजवळ ज्या घरी उतरले होते तिथल्या वहिनींनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "मेंढी आणली काय बॅगेतून?" लडी मुकाट्याने पडवीत दांडीवर गेली आणि तिथेच राहिली. दख्खनी लोकर तशीही गळ्याला लावायची वस्तू नाही. घोंगडी विणतात तेव्हा चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करतात, मऊपणाची अपेक्षा तिच्याकडून कुणी केलीच नव्हती. तिचं आसन करावं, जाड पिशवी करावी, आणि ते डिसेंबरात, घाटावर.

उरलं खादीचं सूत. एकेरी आणि बारीक, म्हणून सहा पदर एकत्र धरून आठ नंबरच्या सुयांवर, म्हणजे चार मिलिमीटरच्या, नमुन्याचा चौकोन घातला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. दमट हातांत ॲल्युमिनियमच्या सुया चिकटतात, टाका सरकत नाही, ओढावा लागतो. दोन वीत विणायला अर्धी दुपार गेली. धुतला, पंख्याखाली पसरला. काही केल्या वाळेना, आणि वाळला तेव्हा चौकोनाची शंकरपाळी झाली होती. सगळे टाके एका अंगाला झुकलेले. ओढून, टाचण्या लावून सरळ करावा, तर टाचण्या काढल्या की पुन्हा तिरका. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी त्या सुताची जिद्द.

वहिनींच्या सासूबाई, माई, पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. नव्वदीच्या जवळ. मराठी पोथी वाचतात, बोलतात कोकणी, माझ्याशी दोन्ही मिसळून. त्यांनी तो तिरका चौकोन हातात घेतला, एक धागा सोडवला, तो सैल सोडल्यावर कसा वळवळतो ते बघितलं आणि म्हणाल्या, "पीळ एकाच बाजूचो. दोर असो करीत नात गो, बाय."

मग त्यांनी लुगडं गुडघ्यावर घेतलं. लहानपणी त्यांच्या घरी काथ्याचा दोर वळत. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत ठेवायची, मग बडवून काथ्या काढायचा. माझ्या सुताचे तीन पदर त्यांनी एका हाताला, तीन दुसऱ्या हाताला घेतले. दोन्ही जुडग्या मांडीवर शेजारी ठेवून तळव्याने एकदा पुढे लोटल्या, म्हणजे प्रत्येक जुडगीला तिचा तिचा पीळ वाढला. मग दोन्ही जवळ आणून तळवा तसाच मागे ओढला, आणि त्या एकमेकींत उलट्या दिशेने गुंफत गेल्या. पुढे, मागे. पुढे, मागे. धागा वीतभर पुढे सरकला की अंगठ्याने चेपून धरायचा. तळव्याला मध्येच तांदळाचं पाणी लावायच्या. "आतां पळय," आता बघ, म्हणून त्यांनी धागा सोडला. तो सरळ लोंबला, वळवळ नाही.

विणकामाची पुस्तकं हेच सांगतात: एकेरी सुताचा सपाट पोत झुकतो, दुपदरी करताना पीळ उलट द्यावा म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. दुपदरी करायचं नसेल तर सगळ्या ओळी सुलट विणाव्यात, झुकणं बरंच लपतं. मला हे सगळं तोंडपाठ होतं, पण मांडीवर सूत वळताना मी कुणाला बघितलं नव्हतं. त्यात माईंना विणकाम येत नाही. क्रोशाही नाही. "तें किरिस्तांवांचें," म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मी आणि माईंनी सूत वळण्यात घालवले. मंगेशी, म्हार्दोळ वहिनींनी आग्रह केला म्हणून झालं, समुद्र बसमधून. माझी मांडी सोलवटून निघाली, माईंच्या धाग्यापुढे माझा धागा गाठीगाठीचा दिसायचा. वहिनी जेवायला हाका मारून कंटाळल्या. त्यांच्या पाहुणचाराबद्दल एकच तक्रार आहे: सोलकढीची वाटी रिकामी दिसली की न विचारता भरतात, आणि हात सुताने भरलेले असताना नाही म्हणता येत नाही.

एवढ्या सुतात अंगात घालायचं काही होणार नव्हतं. बिनबाह्यांच्या साध्या टॉपलासुद्धा महिनाभर मांडी चालवावी लागेल. शिवाय सुताला लोकरीसारखी ओढ नसते. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी पट्टी मनगटाला, कमरेला धरून राहत नाही, दोन धुण्यांत सैल पडते. सुती कपडा विणायचाच तर ढगळ विणावा. मी जाळीची पिशवी केली, आकड्यावर: साखळ्या, मध्ये एक मुका खांब, की पुन्हा साखळ्या. पट्टाही साखळ्यांचाच.

माईंनी तिच्यात पाच नारळ घातले. पट्टा ताणत गेला आणि पिशवी माझ्या गुडघ्याखाली लोंबायला लागली. माई बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "नारळांक सुंभच बरें." वहिनींच्या मते पट्टा गच्च हवा होता. तो उसवून मी मुक्या खांबांच्या आडव्या ओळींनी पुन्हा घातला, चार बोटं रुंद. आता पट्टा ताणत नाही. पिशवीचं पोट ताणतंच, सुताच्या जाळीचं ते तसंच असणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी दोन नारळांवर थांबावं.