यादीतून गळलेली गोळी

म्हापशात शुक्रवारचा बाजार. पेडणे-डिचोलीकडची गिऱ्हाइकं त्याच दिवशी महिन्याची औषधं नेतात, त्यामुळे माझ्या मेडिकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी पेडण्याच्या एका वहिनींनी सासऱ्यांची चिठ्ठी पुढे केली. "दादा, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकची एक पट्टी पण टाका."

सासरे मधुमेही, किडनी कमजोर. डायक्लोफेनॅक त्यांना चालणारच नाही, पॅरासिटामॉल दिली. पण चिठ्ठीत नेहमीची टेल्मिसार्टन दिसेना.

"ती बंद केली. जुलाबांनी ॲडमिट होते ना, तेव्हाच. क्रिएटिनिन वाढलेलं."

त्यांनी मोबाइलवर रिपोर्ट दाखवले. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा; तो वाढला की किडनी मंदावलीय असं समजायचं. ॲडमिट करताना २.४, घरी आल्यावर १.६, म्हणजे आधी होतं तेवढंच. जुलाबांत अंगातलं पाणी आटतं, तेव्हा ही गोळी थांबवतातच. त्यात गैर काही नाही. पण परत केव्हा सुरू करायची, हे डिस्चार्जच्या कागदावर कुठेच नव्हतं. फॅमिली डॉक्टरांना वाटतं, मोठ्या डॉक्टरांनी बंद केलीय तर काही कारण असेल. पेशंटला तर एक गोळी कमी झाल्याचा आनंदच! असे कागद माझ्या काउंटरवर बरेच येतात.

लोक हिला बीपीची गोळी म्हणतात, बीपी नॉर्मल आलं की सोडतात. खरं तर ती किडनीच्या चाळण्यांमधला दाब उतरवते, लघवीवाटे जाणारी प्रथिनं कमी करते. मधुमेह्यांच्या किडनीला या गटातल्या गोळ्यांचा फायदा होतो, हे २००१ पासून माहीत आहे. दाब उतरतो म्हणूनच सुरुवातीला क्रिएटिनिन जरा चढतं. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर सहसा गोळी चालू ठेवतात, पोटॅशियमवर मात्र नजर ठेवतात. घरच्यांना रिपोर्टमधला चढलेला आकडा तेवढा दिसतो.

डापाग्लिफ्लोझिनची तऱ्हा वेगळी. ही मूळची मधुमेहाची गोळी, पण किडनीलाही जपते. पेटंट संपलं, भाव उतरले, तरी किडनीच्या चिठ्ठ्यांवर ती मला क्वचितच दिसते. मधुमेह नसलेल्याला दिली तर तो पट्टी परत घेऊन येतो: "मला शुगर कुठंय?"

मी काउंटरवरूनच सासऱ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. मागून एकजण "अहो, माझी बस चुकेल" म्हणून ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम, क्रिएटिनिन करून पाठवा. लघवीतलं अल्ब्युमिनही." लघवीतून प्रथिनं जातात का, हे सांगणारी ही तिसरी तपासणी फाइलमध्ये एकदाही केलेली नव्हती.

पोटॅशियम ४.६ आलं, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी २० मिलिग्रॅमपासून गोळी पुन्हा सुरू केली, दोन आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगितलं. या वेळी सासरे स्वतः आले. "बंद केलेली परत कशाला? उद्या पुन्हा जुलाब झाले तर?" प्रश्न रास्त होता. डॉक्टरांना विचारून मी खोक्यावर मार्करने लिहिलं: उलट्या-जुलाब झाले तर थांबवा, एक-दोन दिवस जेवण-पाणी नीट गेलं की डॉक्टरांना फोन करून सुरू करा.

वहिनींनी खाली डॉक्टरांचा नंबरही लिहून घेतला.