खांबावरची लाट आणि परत येणारी लाट: माझा अनुभव

नांदेडला समुद्र नाही आणि आमच्या लॅबमध्ये लाटांची टाकीही नाही. त्यामुळे समुद्रातल्या खांबावर लाटेचा जोर किती येतो, ते ओपनफोम या द्रवप्रवाहाचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच काढायचं होतं. पाण्याची खोली 0.5 मीटर, लाटेची उंची 0.12 मीटर, आवर्तकाल (एका लाटेला लागणारा वेळ) 2 सेकंद, खांबाचा व्यास 0.25 मीटर. सॉफ्टवेअर टाकणं, मेश करणं (संगणकातल्या टाकीचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडणं), लाट सोडणं यात काही अडलं नाही. अडलं एकाच जागी, आणि तिथे तीन आठवडे गेले.

खांबावरच्या बलाचा आलेख पहिल्या पाच लाटा एकसारखा यायचा. मग शिखरं कमी-जास्त व्हायला लागायची. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: मेश बारीक करा. केली. सेलची बाजू निम्मी केली की टाइम-स्टेपही (हिशेबातला वेळेचा एक टप्पा) निम्मी होते, म्हणजे त्रिमितीत काम सोळापट. मे महिन्याच्या उन्हात, मध्येच लाइट जात असताना असे रन धरून बसायचं, आणि आलेख बिघडायचा तिथेच बिघडायचा. याचा राग अजून आहे, कारण उत्तर कागदावर दोन ओळींत निघत होतं.

या लाटेची लांबी साधारण 4 मीटर, पण लाटांचा समूह सेकंदाला 1.7 मीटरच सरकतो. खांबापासून शेवटची भिंत 9 मीटरवर. जाऊन-येऊन 18 मीटर, म्हणजे साडेदहा सेकंद, पाच लाटा. भिंतीवरून लाट परत येत होती! शेवटचा रिलॅक्सेशन झोन, म्हणजे लाट हळूहळू जिरवणारा पट्टा, मी 1 मीटरचा ठेवला होता. तेवढ्यात ही लाट जिरत नाही. निदान एक पूर्ण तरंगलांबी द्या, मी दोन दिल्या. इनलेटलाही, म्हणजे लाट आत सोडतो त्या टोकालाही, एका लांबीचा झोन हवाच, नाहीतर खांबावरून फिरलेली लाट तिथे आपटून पुन्हा आत येते.

म्हणून खांब बसवायच्या आधी रिकामी टाकी द्विमितीत चालवा. पाण्याची पातळी मोजणारे तीन गेज लावा: पहिल्यापासून दुसरा 0.4 मीटरवर, तिसरा 1 मीटरवर. मान्सार्ड-फंके पद्धतीने (तीन गेजच्या नोंदींतून जाणारी आणि परतणारी लाट वेगळी करायची रीत) परावर्तन काढा आणि ते 5 टक्क्यांखाली येईपर्यंत पुढे जाऊ नका. ही पद्धत फक्त मूळ वारंवारतेला लावा. दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा भाग, मूळ लाटेला बांधलेला असतो, तिच्याच वेगाने धावतो. रेषीय सूत्र त्याला मोकळी लाट धरतं आणि आकडा चुकतो.

मेशचं राहिलंच. लाटेच्या उंचीत 12 सेल, म्हणजे 1 सेंटिमीटरचे, पुरले. पृष्ठभागाजवळ सेल चौरस ठेवा. कूरां क्रमांक (एका टाइम-स्टेपमध्ये प्रवाह सेलचा किती भाग ओलांडतो ते) 0.15 च्या वर नेऊ नका, नाहीतर माथ्यावरच्या हवेत खोटे वेग तयार होतात. लाट फुटत नसेल तर टर्ब्युलन्स मॉडेल (प्रवाहातल्या खळबळीचा हिशेब) बंदच ठेवा. नेहमीच्या मॉडेलांत एडी व्हिस्कॉसिटी (खळबळीमुळे धरलेला जादा चिकटपणा) वाढत जाते आणि लाटेची उंची खाते. इथे केसी क्रमांक (खांबाच्या व्यासाच्या तुलनेत पाणी किती हेलकावतं त्याचं माप) दोनच्या आसपास आहे, म्हणून बल जडत्वाचंच, म्हणजे पाण्याच्या त्वरणामुळे येणारं. मॉरिसन समीकरणात (खांबावरचं लाटेचं बल काढायचं सूत्र) जडत्व गुणांक 2 धरून हातानं काढलेल्या आकड्याशी ताडून बघा.

लाइटचा भरवसा नसेल तर दर आवर्तकालाला डेटा लिहा. रन पुन्हा सुरू केला की बलांची फाइल नव्या फोल्डरमध्ये पडते. जोडताना दोनदा आलेल्या वेळा काढून टाका.