एका स्टिकरसाठी चार दिवस

मागच्या वर्षी बाबांच्या पोटातली महाधमनी फुगून ५.८ सेंमी झाली होती, पुरुषांमध्ये ५.५ च्या पुढे गेली की सहसा ऑपरेशन सांगतात, म्हणून जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (धमनीच्या आत बसवायची जाळीची नळी) टाकला, चौथ्या दिवशी घरी. सात महिन्यांनी बाबा म्हणायला लागले की चालताना डावी पोटरी भरून येऊन राहिली. घराजवळच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून गोळ्या दिल्या, त्यात पंधरा दिवस गेले. एका रात्री पाय चेपताना डावं पाऊल उजव्यापेक्षा गार लागलं तेव्हा मी घाबरले. नागपुरात धंतोलीतल्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जननी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी केली, म्हणाले ग्राफ्टला खाली पँटसारखे दोन फाटे असतात, त्यातला डावा फाटा गुठळीने बंद झालाय. कमी जणांना होतं, पण होतं. आमच्या डोक्यात फक्त 'लीक होऊ शकतो, वर्षाला स्कॅन करा' एवढंच होतं.

त्यांना जुन्या सीटीची सीडी आणि ग्राफ्टचं स्टिकर पाहिजे होतं, कंपनी आणि साइज कळायला. आणि डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'स्टेंट ग्राफ्ट टाकला'! जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड रूमला पहिल्या दिवशी अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी म्हणे पेशंटला घेऊन या, अहो ज्यांना पन्नास पावलं चालवत नाही त्यांना मे महिन्याच्या उन्हात कसं आणू? तिसऱ्या दिवशी 'साहेबांची सही व्हायची आहे, दोनला या', दोनला जेवणाची सुट्टी, चारला कुलूप. मी जिन्यातच रडले. रात्री मावसभावाने सांगितलं, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं. चौथ्या दिवशी तेच अर्जात लिहिलं, बाबांचं सहीचं पत्र आणि आधारची झेरॉक्स जोडली, पोच म्हणून शिक्का मारून घेतला. संध्याकाळी फाइल हातात! स्टिकर ओटी नोट्सच्या (ऑपरेशनच्या नोंदींच्या) पानावरच चिकटवलेलं होतं. माझा राग अजून गेला नाही.

मग उजव्या जांघेतून डाव्या जांघेत नळी टाकून बायपास केला, पाय वाचला.

हो, सीटी अँजिओच्या (रक्तवाहिन्यांच्या सीटीच्या) आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर अर्धा दिवस तिथेच बसाल. आणि आम्हाला चार दिवस थांबता आलं ते पायाला जाणीव होती, बोटं हलत होती म्हणून. पाय एकदम गार, पांढरा, बधिर पडला तर कागदं शोधत बसू नका, तसेच इमर्जन्सीत न्या, तिथे तासांचा हिशोब असतो. स्टिकरचा फोटो मात्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून मोबाइलमध्ये ठेवा.