६५०२ मेलेला नव्हताच

जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की गिऱ्हाइकाचं निदान तयार असतं: "प्रोसेसर गेला असणार." माझा अनुभव उलटा आहे. पॉवर सप्लाय जातो, कपॅसिटर फुगतात, रॅम जाते, सॉकेट गंजतात. प्रोसेसरचा नंबर फार मागे असतो. त्यातही ६५०२ हा जुन्या कॉम्प्युटरांमधला प्रोसेसर असेल तर मी त्याच्यावर सहसा संशय घेतच नाही.

पण त्या दिवशी आलेले निवृत्त शिक्षक पुरावाच घेऊन आले होते. यंत्र बीबीसी मायक्रो, म्हणजे ६५०२ वर चालणारा जुना ब्रिटिश कॉम्प्युटर. १९८४-८५ मध्ये शाळेत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारी 'क्लास' योजनेतून शाळांना मिळाले होते, त्यांपैकी एक. शाळेने भंगारात काढला तेव्हा सरांनी मागून घेतलेला. चालू केला की एकसारखा "बूऽऽ" आवाज, आणि पडद्यावर काही नाही. धडधाकट बीबीसी "बूऽप" म्हणतो आणि लगेच बारीक "बीप" देतो. ती दुसरी बीप ऑपरेटिंग सिस्टिम जागी झाल्याची खूण. ती आलीच नाही, म्हणजे प्रोसेसर कामाला लागलेला नाही किंवा मध्येच भरकटलाय.

सरांनी परदेशातून ऑनलाइन दुसरा ६५०२ मागवून स्वतः बसवला होता. तरी "बूऽऽ". "नवीन घातला तरी तेच, म्हणजे बोर्डच गेलं ना हो?" तर्क बिनचूक होता, फक्त तो 'नवीन' चांगला असायला हवा होता.

सप्लायमधले तडकलेले फिल्टर कपॅसिटर आधी बदलले; ते तसेच ठेवून वीज दिली की दुकानभर धूर होतो. पाच व्होल्ट ठीक. स्कोप, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला: चिपच्या ३७ नंबरच्या पायावर २ मेगाहर्ट्झचा क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारे ठोके), ४० वर रिसेट व्यवस्थित. नव्या चिपच्या अ‍ॅड्रेस लाइन, म्हणजे मेमरीतला कुठला पत्ता हवा ते सांगणाऱ्या तारा, मात्र सपाट. जुनी घातली तर लाइन हलतात, पण वेड्यावाकड्या.

मग ब्रेडबोर्ड, म्हणजे डागल्याशिवाय सर्किट जोडायची पट्टी, काढला. ६५०२ तपासायची ही रीत मला फार आवडते. 'काहीही करू नको' या आज्ञेचा सोळमान पद्धतीतला कोड ईए, म्हणजे बायनरीत १११०१०१०. डेटाच्या आठ लाइनपैकी पाच रेझिस्टरने पाच व्होल्टला बांधायच्या, तीन ग्राउंडला (शून्य व्होल्टला). आता प्रोसेसर कुठलाही पत्ता वाचो, उत्तर एकच: काहीही करू नको. रिसेटनंतर सुरुवातीचा पत्ता वाचायला जातो तेव्हाही त्याला ईएईए मिळतं. तिथून तो निमूटपणे पुढचा पत्ता, त्याच्या पुढचा, असा ६५,५३६ पत्त्यांच्या फेऱ्या मारत राहतो. १ मेगाहर्ट्झचा क्लॉक दिला तर एका आज्ञेला दोन ठोके, म्हणून सगळ्यात वरची ए१५ लाइन सेकंदाला साडेसातच्या आसपास वेळा लुकलुकते. एलईडी लावा, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

सरांची चाळीस वर्षांची चिप घातली. ए१५ फडफडायला लागला, ए१४ त्याच्या दुप्पट वेगाने. नवी घातली. एलईडी गप्प.

दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, जुन्या टीव्ही गेममध्येही ६५०२च असतो ना? एक काढू?" पोरगं अर्धं बरोबर होतं. निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉममधली रिकोची चिप ६५०२ च्याच गाभ्यावर बेतलेली. दशमान गणित बंद केलेलं, आवाजाचं सर्किट आतच. पायही चाळीसच, पण त्यांची कामं वेगळी, त्यामुळे या सॉकेटात ती घालायची नाही. आणि आपल्याकडे मिळणाऱ्या नंतरच्या नकली गेममध्ये तर सगळं काळ्या लाखेसारख्या ठिपक्याखाली गाडलेलं, काढणार काय? घराणं मोठं आहे खरं: १९७५ मध्ये चक पेडल आणि मंडळींनी मॉस टेक्नॉलॉजीत ही चिप काढून २५ डॉलरला विकली, म्हणून तर अ‍ॅपल टू पासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे ती पोचली.

नव्या चिपवरची छपाई मला जरा जास्तच ठसठशीत वाटली. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून घासला. बोळा काळा झाला, नामांकित कंपनीचं नाव आणि तारखेचा आकडा दोन्ही त्यावर उतरले. खाली निघाला पॉलिश पेपरने घासलेला करडा पृष्ठभाग, आणि मूळ छपाईचे वाचता न येणारे ओरखडे. आत कुठली चिप होती देव जाणे. सर बराच वेळ भिंगातून बघत होते.

खरा दोष त्यानंतर पटकन सापडला. ऑपरेटिंग सिस्टिम जिच्यात कायमची साठवलेली असते ती रॉम चिप सॉकेटातून उचलली तर एक पाय सॉकेटातच राहिला. काळा पडून मानेशी झिजला होता, नुसता टेकून उभा होता. डेटाची एक लाइन अधांतरी, मग ६५०२ ला भलत्याच आज्ञा मिळणार. रेझिस्टरच्या तारेचा तुकडा डागून नवा पाय केला, सॉकेट बदललं, मूळ ६५०२ जागेवर बसवला.

बूऽप, बीप. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक'.

सरांनी आधी एक ते दहाचे पाढे छापणारा प्रोग्रॅम घातला, अगदी न अडखळता. मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्या विकणाऱ्याकडे पैसे परत मागता येतील का हो?"

म्हटलं, "मागा की. सोबत या बोळ्याचा फोटो पाठवा."